कार्यकारी मंडळाची सभा: काही सभासद खोलीत, काही फोनवर

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात ११ सभासद आहेत. त्यांपैकी सात जण गावात असतात, दोघे मुंबईत, एक दुबईत आणि एक टोरांटोत. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात पावसाळ्याचे चार महिने इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही. व्हिडिओवरची सभा तिसऱ्या मिनिटाला गोठते, साधा कॉल मात्र बहुधा टिकतो. म्हणून गेली काही वर्षे आमच्या मासिक सभा फोनवरच्या सभासदांना सोबत घेऊन होतात आणि कार्यवाह या नात्याने त्या चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी करता येण्याजोग्या बहुतेक चुका आम्ही केल्या. पुढील पद्धत त्या चुकांमधून बसत गेली असून गृहनिर्माण संस्था, शिक्षण संस्था, देवस्थानची समिती किंवा माजी विद्यार्थ्यांचे मंडळ यांनाही ती थोड्याफार फरकाने वापरता येईल.

खोलीत बसलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला म्हणजे विषय संपत आला, खजिनदार कागद चाळू लागले म्हणजे आकडा सापडत नाही, दोघे एकमेकांकडे पाहून हसले म्हणजे प्रस्ताव बारगळणार. फोनवरच्या माणसाला यातले काहीच कळत नाही आणि त्याचे काय चालले आहे हे खोलीलाही कळत नाही. सभा चालवणाऱ्याचे निम्मे काम म्हणजे डोळ्यांना दिसणारे जे जे कामाचे आहे ते बोलून दाखवणे.

आधी नियमावली उघडावी

फोनवरून हजर असलेला सभासद गणसंख्येत, म्हणजे सभा वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीत, धरायचा की नाही आणि त्याचे मत मोजायचे की नाही, हे संस्थेच्या घटनेवर आणि तिला लागू असलेल्या कायद्यावर ठरते. कंपनीच्या संचालक मंडळासाठी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७३ मध्ये प्रत्यक्ष हजेरीखेरीज व्हिडिओ कॉन्फरन्स किंवा अन्य दृक्‌श्राव्य साधन यांचाच उल्लेख आहे, त्यामुळे नुसत्या फोनवरची हजेरी तेथे पुरत नाही. आमच्यासारख्या संस्था १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम यांखाली नोंदलेल्या असतात, आणि त्यांच्या जुन्या घटना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात फोनवरची हजेरी नव्हती. घटनेत स्पष्ट तरतूद नसेल तर सर्वांत सुरक्षित मार्ग असा की गणसंख्या खोलीतल्या सभासदांनी पुरी करावी, फोनवरच्या सभासदांचे मत नावानिशी नोंदवावे आणि महत्त्वाच्या ठरावाला त्यांची लेखी संमती मागवून घ्यावी. विश्वस्त बदलणे, बँक खात्याचे सह्यांचे अधिकार किंवा स्थावर मालमत्ता यांसारखे विषय, ज्यांचे कागद पुढे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात किंवा बँकेत जाणार आहेत, ते फोनच्या सभेत चर्चेपुरतेच घ्यावेत आणि त्यांचा निर्णय प्रत्यक्ष सभेसाठी राखून ठेवावा.

साधन कोणते निवडावे

तीन पर्याय सहज उपलब्ध असतात. पहिला म्हणजे आपल्याच मोबाइलवरून एकेकाला फोन लावून कॉल जोडत जाणे, ज्याला सगळे ‘मर्ज करणे’ म्हणतात. बहुतेक मोबाइलवर या पद्धतीने पाचपर्यंत माणसे जोडता येतात. आमची सभा यातच भागते. तिचा दोष असा की सगळा डोलारा एका फोनवर उभा असतो. ज्याने जोडले त्याचा कॉल तुटला की सगळेच तुटतात. म्हणून हा फोन चार्जरला लावलेला असावा आणि सभेपूर्वी त्यावरची कॉल वेटिंगची सोय बंद करावी. दुसरा पर्याय कॉन्फरन्स सेवेचा, ज्यात प्रत्येक जण एका ठरावीक क्रमांकावर फोन करून सांकेतिक अंक दाबतो. येथे कोणा एकाचा कॉल तुटला तरी बाकीची सभा चालू राहते. पाचांपेक्षा अधिक माणसे बाहेरगावी असतील तर हाच मार्ग धरावा. तिसरा पर्याय व्हॉट्सअॅपच्या गट कॉलचा. तो स्वस्त आहे, पण इंटरनेटवर चालतो, आणि संयुक्त अरब अमिरातीत अशा कॉलवर निर्बंध असल्याने आमच्या दुबईच्या सभासदांना त्याचा उपयोग नाही. आखातात सभासद असलेल्या प्रत्येक मंडळाने ही गोष्ट आधीच विचारून घ्यावी.

वेळ ठरवताना घड्याळे मांडून पाहावीत. रविवारी संध्याकाळी ७ वाजता आम्ही सभा सुरू करतो तेव्हा दुबईत साडेपाच वाजलेले असतात. टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ होतात, तर हिवाळ्यात साडेआठ, कारण तेथील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे होतात. नोटिशीत नेहमी भारतीय वेळेसोबत त्या त्या ठिकाणची वेळही लिहावी. ‘तुमच्या वेळेप्रमाणे बघून घ्या’ असे लिहिलेल्या नोटिशीमुळे आमचे एक ज्येष्ठ सभासद नोव्हेंबरात एक तास उशिरा, म्हणजे सभा संपता संपता आले होते, आणि चूक त्यांची नव्हती.

विषयपत्रिका

प्रत्यक्ष सभेची विषयपत्रिका फोनच्या सभेला चालत नाही. ‘छपराच्या दुरुस्तीबाबत विचार करणे’ असा विषय खोलीत निभावतो, कारण बोलता बोलता प्रश्न आपोआप आकार घेतो. फोनवर तोच विषय भरकटतो. म्हणून प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात लिहावा: ‘आलेल्या तीन दरपत्रकांपैकी कोणते स्वीकारायचे आणि काम गणपतीपूर्वी करायचे की नंतर?’ असा विषय वाचला की काय ठरवायचे आहे हे दुबईतही कळते आणि विरारच्या लोकलमध्येही. प्रत्येक विषयापुढे तो कोण मांडणार आणि साधारण किती मिनिटे लागतील हे लिहावे. एकूण वेळ पन्नास मिनिटांच्या पलीकडे जाऊ देऊ नये, कारण कानाला फोन लावून लक्ष देणे हे समोरासमोर बसण्यापेक्षा थकवणारे असते.

कागद तीन दिवस आधी पोचलेले असावेत, त्यांना पानांचे क्रमांक असावेत आणि तक्त्यातल्या ओळींनाही क्रमांक द्यावेत. ‘मघाशी तो दुसरा आकडा म्हणालात तो’ हे वाक्य फोनवर निरर्थक असते. ‘पान ३, ओळ ५’ म्हटले की सगळे एका ठिकाणी येतात.

आणि एक विषय काढून टाकावा: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. परंपरेने तो प्रत्येक विषयपत्रिकेच्या तळाशी असतो आणि खोलीतल्या सभेत त्याने फारसे बिघडत नाही. फोनच्या सभेत मात्र, कागद समोर नसताना आणि निम्मे लोक फोन ठेवण्याच्या तयारीत असताना, येथूनच नको ते ठराव होतात. ऐनवेळचा विषय आला तर तो ऐकावा, नोंदवावा आणि पुढच्या सभेत घ्यावा.

खोलीची तयारी

टेबलावर मधोमध ठेवलेला मोबाइल स्पीकरवर टाकला की सभा झाली, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते, त्यामुळे टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाचे बोलणे पलीकडे कुजबुजीसारखे पोचते, तर फोनशेजारी कागद सरकवणाऱ्याचा कागद मात्र गडगडतो. पंखा हा सर्वांत मोठा शत्रू. शक्य असेल तर तो बंद करावा, मे महिन्यात शक्य नसेल तर फोन पंख्याखालून दूर घ्यावा. फोनखाली घडी घातलेला पंचा ठेवावा, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या कपाचा आणि पेनाच्या टकटकीचा आवाज थेट माइकमध्ये जात नाही. खोलीत कॉलला जोडलेला फोन एकच असावा, दुसरा जोडला की कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. जो बोलेल त्याने फोन जवळ घ्यावा किंवा स्वतः फोनजवळ जावे. आम्ही फोन एका ताटलीत ठेवून ती प्रसादाच्या ताटासारखी फिरवतो. पाहुणे हसतात, पण पलीकडे आवाज स्वच्छ जातो.

बहुतेक मोबाइलचा स्पीकर एका वेळी एकच बाजू नीट चालू ठेवतो. खोलीत कोणी बोलत असेल, किंवा नुसते खोकत असेल, तरी पलीकडून येणारा आवाज दबतो. त्यामुळे फोनवरचा सभासद बोलू लागला की खोलीने अक्षरशः गप्प बसावे, ‘हो हो, बरोबर’ असा हुंकारही देऊ नये.

सुरुवात: हजेरी

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी कॉल जोडायला घ्यावेत. एकेकाला जोडताना बाकीचे होल्डवर राहतात, म्हणून ज्यांना वाट पाहण्याची सवय आहे त्यांना आधी आणि परदेशातल्यांना शेवटी जोडावे. सगळे आले की कार्यवाहाने एकेकाचे नाव घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात: आवाज नीट येतो का, कागद समोर आहेत का आणि तुम्ही आत्ता कुठे आहात. तिसरा प्रश्न चौकसपणाचा नाही. गाडी चालवणाऱ्याला त्याच क्षणी कॉलमधून मोकळे करावे, आणि बाजारात उभ्या असलेल्याला फोन म्यूट करायला सांगावे. त्यानंतर खोलीत कोण कोण बसले आहे हे फोनवरच्यांना सांगावे, आणि सभेच्या मध्ये कोणी आले-गेले तर तेही: ‘खजिनदार आत्ता आले, माझ्या डाव्या हाताला बसलेत.’ कोण ऐकत आहे हे ठाऊक नसलेला माणूस मोकळेपणाने बोलत नाही. सभा ध्वनिमुद्रित करायची असेल तर ते येथेच सांगून प्रत्येकाचा होकार घ्यावा.

कॉल तुटला तर काय करायचे हेही याच वेळी सांगून टाकावे, नाहीतर दोन्हीकडची माणसे एकमेकांना फोन लावत बसतात आणि दोघांनाही ‘व्यस्त’ ऐकू येते. आमचा नियम साधा आहे: ज्याचा कॉल तुटला त्याने परत फोन करायचा नाही, मंडळाच्या ग्रुपवर एक टिंब पाठवायचे. ग्रुपकडे लक्ष ठेवण्यासाठी खोलीतला एक सभासद नेमलेला असतो. तो मला खूण करतो आणि चालू वाक्य संपले की मी पुन्हा जोडून घेतो. तोवर मतदान होत नाही. तसेच सभेदरम्यान दुसरा फोन आला तर घेऊ नये, कारण तो घेणाऱ्याचा आमच्याशी चाललेला कॉल होल्डवर जातो आणि मग ‘आपण ज्या व्यक्तीशी बोलत आहात त्यांनी आपला कॉल होल्डवर ठेवला आहे’ ही गोड आवाजातली सूचना सगळी सभा ऐकत बसते.

बोलण्याची शिस्त

समोरासमोर बोलताना एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ जातो. फोनवर, विशेषतः परदेशी कॉलमध्ये, आवाज पोचायलाच तेवढा उशीर होऊ शकतो, म्हणून टोरांटोच्या ताई बोलायला तोंड उघडतात तोवर खोलीतल्या कोणीतरी जागा पटकावलेली असते. त्या मग ‘नाही, तुम्ही बोला’ म्हणतात आणि पुढे बोलतच नाहीत. यावर उपाय एकच: बोलण्याची पाळी अध्यक्षांनी नाव घेऊन द्यावी आणि आधी फोनवरच्यांना द्यावी, सर्वांत दूर असलेल्यापासून सुरुवात करून. खोलीतले शेवटी बोलले तरी त्यांचे काही अडत नाही.

नाव घेताना ते वाक्याच्या सुरुवातीला घ्यावे. ‘या खर्चाचं काय करायचं, तुम्हाला काय वाटतं, अप्पा?’ असे विचारले तर आपल्याला विचारले जात आहे हे अप्पांना शेवटच्या शब्दाला कळते आणि आधीचा प्रश्न हुकतो. ‘अप्पा, तुम्हाला विचारतोय. तिसरं दरपत्रक घ्यावं का?’ असे विचारावे. मंडळात दोन अप्पा किंवा तीन काका असतील, आणि कोकणात ते असतातच, तर ‘मुंबईचे अप्पा’, ‘खालच्या आळीचे अप्पा’ असे सरळ म्हणावे. प्रत्येकाने बोलण्यापूर्वी स्वतःचे नाव सांगावे, हे पहिल्या दोन सभांत अवघडल्यासारखे वाटते, मग अंगवळणी पडते.

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन फोनच्या सभेला लावू नये. फोनवरचे मौन म्हणजे संमती असू शकते, नाराजी असू शकते, म्यूट काढायचा राहिला असू शकतो, किंवा पाच मिनिटांपूर्वी कॉल तुटून ते गृहस्थ आपल्या गॅलरीत हताश उभे असू शकतात. ‘कोणाची हरकत नाही ना?’ हा खोलीतला सर्वांत लाडका प्रश्न फोनवर विचारूच नये.

आकडे

या एका बाबीकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो, त्याला कारण आहे. छपराच्या पत्र्यांसाठी आलेल्या दरपत्रकांवर चर्चा चालू होती. खर्चाची मर्यादा ६३,००० रुपये ठरलेली होती. खजिनदारांनी एक दर वाचला, मुंबईच्या एका सभासदांनी ‘मग घ्या की, बसतंय’ म्हटले, ठराव झाला. इतिवृत्त गेल्यावर त्यांचा फोन आला. त्यांनी बासष्ट ऐकले होते. दर पासष्टचा होता. खोलीतल्यांना वाटले, मर्यादा ओलांडूनही ते उदारपणे मान्यता देत आहेत. त्यांना वाटले, आपल्याला अंधारात ठेवून आकडा वाढवला. दोन सभा या गैरसमजात गेल्या.

साध्या फोन कॉलमधून मानवी आवाजाचा सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’, ‘श’, ‘फ’ या ध्वनींचे बरेचसे बळ त्याच्या वर असते, त्यामुळे ते बोथट होतात. ‘ब’ आणि ‘प’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात, फरक कंठातल्या क्षणभराच्या कंपनाचा असतो आणि खराब लाइनवर तोही हरवतो. त्यात आपली मराठी संख्यानामे अशी की बासष्ट-पासष्ट, सदुसष्ट-अडुसष्ट, सत्तावन्न-अठ्ठावन्न, सात-साठ-आठ या जोड्या फोनवर जुळ्या भावंडांसारख्या ऐकू येतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत तर अर्धा शब्द ऐकून लोक उरलेला मनाने पुरा करतात.

म्हणून आमच्याकडे आकडा दोनदा वाचला जातो, आधी संख्या म्हणून आणि मग अंक सुटे करून: ‘पासष्ट हजार पाचशे, म्हणजे सहा-पाच-पाच-शून्य-शून्य.’ ऐकणाऱ्याने तो सुट्या अंकांतच परत म्हणायचा. तारखेसोबत वार सांगायचा, कारण तारीख चुकीची ऐकली गेली असेल तर वाराशी जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. खाते क्रमांक, पावती क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक फोनवर सांगूच नयेत; ते लिहून पाठवावेत.

ठराव आणि मतदान

चर्चा संपली की अध्यक्षांनी ठरावाची भाषा कार्यवाहाकडून जागेवर लिहून घ्यावी आणि ती मोठ्याने, सावकाश वाचायला लावावी. ‘ठरल्याप्रमाणे करावे’ हा ठराव नव्हे. काय करायचे, कोणी, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात आलेच पाहिजे. सूचक आणि अनुमोदक यांची नावे विचारून घ्यावीत. मग नावे घेऊन एकेकाचे मत विचारावे आणि उत्तर ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘तटस्थ’ या तीन शब्दांपैकी एकच असावे. ‘अं... चालेल’ हे मत नाही, पुन्हा विचारावे. ११ जणांच्या मंडळात याला दीड मिनिट लागते आणि नंतरचे दीड महिन्याचे रुसवेफुगवे वाचतात. गुप्त मतदानाचा विषय असेल तर तो फोनच्या सभेत घेऊ नये, कारण तशी सोयच नसते.

दोघांत वाद पेटला तर सभा थांबवावी. आवाज चढला की फोनवर शब्द फुटतात आणि साधा आग्रहही शिवीसारखा ऐकू येतो. अध्यक्षांनी विषय बाजूला ठेवून त्या दोघांशी दुसऱ्या दिवशी वेगवेगळे बोलावे.

फोन ठेवल्यानंतर

सभा संपल्याचे जाहीर करण्यापूर्वी झालेले निर्णय कार्यवाहाने एकदा वाचावेत आणि फोनवरच्या प्रत्येकाला शेवटचे बोलायला द्यावे. निरोप घेऊन कॉल तुटला याची खात्री स्क्रीनवर डोळ्यांनी करावी. आमच्या एका सभेनंतर खोलीतल्यांनी दुबईच्या सभासदांच्या कंजूषपणावर केलेली टिप्पणी त्यांनी स्वतः ऐकली होती आणि मोठ्या मनाने पुढच्या महिन्यात एक लोखंडी कपाट पाठवून दिले. सगळ्यांचे नशीब इतके चांगले नसते.

यानंतर चहा येतो आणि खरी अडचण येथे सुरू होते, कारण चहाबरोबर दुसरी सभा भरते. ‘तसं नको, पत्रे दिवाळीनंतरच टाकू’ असे ओटीवर सहज ठरते, सुताराला तसा निरोपही जातो आणि बाहेरगावच्या चौघांना ते महिन्याने कळते. गावातल्या माणसांनी चहावर बोलू नये असा नियम करता येत नाही आणि करूही नये. मात्र तेथे निघालेला नवा मुद्दा कार्यवाहाने त्याच रात्री ग्रुपवर लिहून टाकावा, आणि चारही जणांचे उत्तर येईपर्यंत सुताराला फोन करू नये.

इतिवृत्त २४ तासांच्या आत सर्वांना पाठवावे. उपस्थितांच्या यादीत ‘प्रत्यक्ष उपस्थित’ आणि ‘दूरध्वनीद्वारे सहभागी’ असे दोन वेगळे मथळे असावेत. कोणी मध्येच सामील झाले किंवा कॉल तुटल्यामुळे एखाद्या विषयाला हजर नव्हते, तर तो विषय क्रमांक आणि वेळ नोंदवावी. आकडे अंकांत आणि अक्षरांतही लिहावेत. दूरच्या सभासदांकडून ‘वाचले, मान्य’ किंवा दुरुस्तीसह लेखी उत्तर घ्यावे, त्याची प्रत छापून प्रोसिडिंग बुकात त्या पानाला चिकटवावी. पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय आला की ही चिकटवलेली कात्रणे आधी वाचावीत, मग इतिवृत्त. ते चौघे गावी येतील तेव्हा, आमच्याकडे बहुधा गणपतीत किंवा शिमग्याला, त्यांच्यापुढे वही ठेवून राहिलेल्या पानांवर तारखेसह सह्या घ्याव्यात.